तीन बोटांचा रकाना

— नाही, नाही, वर नको मॅडम. इथेच बसू या पायऱ्यांवर. कोरड्या आहेत, बसा. वास येतोय? राजिवड्यात येणारच, खाडी आहे, मासळी आहे. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलंत ना? बरं केलंत, तुम्हाला जास्त वेळ अडकवणार नाही मी. मला फक्त माझे कागद — माझे कसले, भाईचे — भाईचे कागद परत पाहिजेत. आणलेत ना? त्या खाकी पाकिटात आहेत का? नको, आत्ता उघडू नका, वारा आहे, एखादा खाडीत गेला तर — असू दे तुमच्या मांडीवर. आधी ऐकून घ्या, मग द्या. म्हणजे उद्या पुण्यात जाऊन त्या मुलाचं डोकं फिरलंय असं सांगणार नाही तुम्ही. फोनवर म्हणालातच की जवळजवळ. 'भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका, अनस.' म्हणजे तेच ना?

दिवाळी अंकातल्या त्या लेखाचं पुस्तक काढायचं नाही. हो, करार झालाय, सही आहे, तारीख आहे, सगळं आहे. पण सही कोणाची? अनस फारुक होडेकर. आणि कागद कोणाचे? फैझान फारुक होडेकर. मग? तुम्ही मला विचारलं होतंत, भावाची संमती आहे ना — विचारलं होतंत, नाकारत नाही मी — आणि मी आहे म्हटलं होतं. आता खरं सांगतो. मी भाईला सांगितलं, भाई, हे लोकांपर्यंत जायला हवं, तुझ्यासारखे अजून कितीतरी जण पाण्यावर अडकलेत, त्यांच्यासाठी तरी. तो खिडकीतून बाहेर बघत होता. हो म्हणाला नाही. नको म्हणाला नाही. मी ते हो धरलं. दिवाळी अंकाची मुदत चार दिवसांवर होती, तुमचे रोज फोन येत होते — तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही संपादक, तुमचं ते कामच — पण मी धरलं, एवढं खरं.

असं काय झालं म्हणता? सांगतो. पहिल्यापासून सांगतो, कारण तुम्हाला जे ठाऊक आहे ते मी लिहिलेलं आहे, घडलेलं नाही. फैझान माझ्याहून सात वर्षांनी मोठा. अब्बा गेल्यावर बारावी सोडून जहाजावर लागला. त्याच्या पगारावर मी बी. ए. झालो, मराठी घेऊन. मराठी घेऊन काय करणार रे, माशांवर कविता? — सगळा मोहल्ला हसला होता. भाई एकटा म्हणाला, शिकू दे, घरात एक तरी माणूस नीट बोलणारा हवा. असो. तर भाई ऑइलर. ऑइलर म्हणजे इंजिनरूममधला कामगार. दर तासाला फेरी मारायची, मीटर वाचायचे, तक्त्यात भरायचं. डावीकडे वेळ, मग पाणी, तेल, टेंपरेचर, आणि सगळ्यात उजवीकडे रिमार्क्स. शेरा. तो रकाना किती रुंद असतो माहीत आहे? हा एवढा. तीन बोटं. तीन बोटांत काय मावणार? 'पंप गळतो.' 'वॉशर बदलला.' संपलं.

मग मालकाने हात वर केले. जहाज परदेशातल्या एका बंदराबाहेर नांगरलेलं, पगार बंद, डिझेल नाही, मालकाचा फोन लागत नाही. चौदा माणसं होती. एक एक करून सुटत गेली — कोणी आजारी पडला, कोणाला त्याच्या सरकारने सोडवलं. पण बंदराचा नियम असा, की जहाज विकलं जाईपर्यंत एक माणूस वर हवा, जबाबदार म्हणून, कागदावर नाव असलेला. सही कोणी करायची? कॅप्टन म्हणाला, होडेकर, तुला इंग्लिश वाचता येतं, तू कर, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. याने केली. बाकीच्यांना वाचता येत नव्हतं म्हणून ते सुटले, याला येत होतं म्हणून हा राहिला. सव्वीस महिने, मॅडम. त्यातले शेवटचे नऊ महिने जहाजावर दुसरा माणूस नाही. किनारा दिसतो, रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे दिसतात, पासपोर्ट तिकडे एका कपाटात, आणि हा इकडे. लोक म्हणतात नोकरीत अडकला. मी लेखाच्या पहिल्या ओळीत हद्दपारी म्हटलं होतं — तो शब्द बरोबर होता. त्यानंतरचं एकही वाक्य बरोबर नव्हतं.

डिझेल संपलं, इंजिन बंद झालं, मीटरचे काटे खाली पडले, आणि तरी हा तक्ता भरत राहिला. कागद पुरवून वापरायचे म्हणून दिवसाला एक ओळ. का भरत राहिला? मला काय माहीत! हाताला सवय. नाहीतर माणसाने करायचं काय तिथे? गेल्या वर्षी जानेवारीत घरी आला, तेव्हा बॅगेत दोन शर्ट, एक फुटका मग आणि हे एक्केचाळीस तक्ते. तो झोपला होता. मी बॅग उघडली. कपडे धुवायला काढायला, दुसरं काही नाही. आणि तिथेच फरशीवर बसून वाचत राहिलो.

माझ्या फोनमध्ये काही तक्त्यांचे फोटो आहेत, थांबा, वाचून दाखवतो. तुम्ही वाचलेत, हो, पण तुम्ही माझ्या लेखानंतर वाचलेत. आता नुसतं ऐका. 'तांदळात किडे. खाल्ला.' दुसरा दिवस — 'जहाज फिरलं. किनारा डावीकडे.' दुसरा दिवस — 'अजान? वारा.' मग — 'साबण संपला. कोणासाठी.' मग — 'उंदीर दिसला नाही.' मग — 'मोठ्याने बोललो. लाज वाटली.' मग दोन दिवस नुसती वेळ, शेरा नाही. मग — 'उंदीर आहे.'

आता मी काय केलं, सांगा तुम्ही. तुम्हीच छापलंय. 'अजान? वारा.' या दोन शब्दांचा मी अर्ध्या छापील पानाचा उतारा केला. पहाटेचा धूसर प्रकाश आणला, दूरचा मिनार आणला, आईची आठवण आणली, आणि शेवटी म्हणे 'वाऱ्याने माझी थट्टा केली'. भाई असं बोलेल? अहो, आमच्या घरात कोणी असं बोलत नाही! पण तुम्ही काय लिहिलंत मला? 'ओघ अप्रतिम आहे.' लेखाला पुरस्कार देणाऱ्यांनी काय लिहिलं? 'ओघवती भाषा.' मोडकं तोडकं होतं, मी सांधलं, गुळगुळीत केलं, आणि सगळ्यांना वाटलं, व्वा, मुलाने भावाला वाचा दिली. मलाही वाटलं. मलाच आधी वाटलं.

कळतंय का तुम्हाला मी काय म्हणतोय? राग मानू नका, पण तुम्ही मान हलवताय आणि तुम्हाला कळलेलं नाही. बघा — मी आत्ता तुमच्याशी बोलतोय. बोलताना किती वेळा 'कारण' म्हटलं, 'म्हणून' म्हटलं, 'पण' म्हटलं? का म्हणतो आपण? समोर माणूस असतो म्हणून. त्याला समजावं, त्याने मध्येच उठून जाऊ नये, म्हणून. हे शब्द म्हणजे समोरच्याचा हात धरणं आहे. भाईच्या कागदात 'कारण' एकदाही नाही. 'म्हणून' नाही. कोणासाठी लिहायचं? कोण विचारणार होतं, साबण का नको? पहिल्या महिन्यांत आहेत, तेही बघा, चौदा माणसं असताना आहेत — 'पंप बंद कारण वायर तुटली.' मग माणसं कमी होत गेली तसे ते शब्दही गेले. शेवटी नुसती नावं उरली वस्तूंची. मी तिथे बसून सगळीकडे 'आणि' घातले, 'तेव्हा' घातले. म्हणजे काय केलं? जिथे तो एकटा होता तिथे प्रत्येक ओळीत कोणीतरी नेऊन बसवलं. त्याचा एकटेपणा त्या मोकळ्या जागेत होता, मॅडम, आणि ती जागा मी भरून टाकली. व्याकरणशुद्ध.

चहा घेणार? श्रद्धाताईंची टपरी आहे तिथे, बरा असतो. नको? बरं.

फेब्रुवारीतला पुरस्काराचा कार्यक्रम. तुम्ही होता पहिल्या रांगेत. मी भाईला नेलं. तो नको म्हणत होता — त्या वेळी बोलायचा थोडंफार. अम्मीशी जास्त, माझ्याशी कमी. अम्मी सारखी त्याच्याजवळ बसून काहीतरी बडबडत असायची, आणि हा ऐकत बसायचा, हात मांडीवर, बोटं अशी हलत, अंगठा पेरांवरून पुढे पुढे. अम्मी शेजारपाजारी सांगायची, माझा फैझान तिकडून अल्लावाला होऊन आला, सारखी तस्बीह चालू असते त्याची. मोहल्ल्यात सगळे म्हणायला लागले. इमामसाहेबांनी सुद्धा मला थांबवून सांगितलं, भावाकडून काहीतरी शिका. मीही तेच समजलो. दुसरं काय समजणार? आमच्याकडे माणूस गप्प बसून पेरं मोजत असेल तर तो जिक्र करतोय, अल्लाचं नाव घेतोय, हे लहान मूलही सांगेल.

तर नेलं त्याला. शर्ट मी इस्त्री केला. स्टेजवर खुर्ची दिली, शाल दिली, टाळ्या झाल्या. मग मी वाचायला उभा राहिलो. भाईने जहाजावरून केलेल्या फोनचा उतारा वाचला — तोच, तुम्ही म्हणाला होतात तो वाचा, सगळ्यात हृदयस्पर्शी आहे. समोर बायका डोळे पुसत होत्या. आणि भाई उठला. शाल खुर्चीवर ठेवली, घडी करून ठेवली, आणि पायऱ्या उतरून मधल्या वाटेने चालत बाहेर. तुम्ही नंतर मला म्हणालात, भावना अनावर झाल्या असतील. मीही हो म्हटलं. तिथून तो चालत घरी आला. त्या दिवसापासून शब्द नाही. बोटंही थांबली. अम्मीला वाटलं नजर लागली.

का उठला ते — ते राहू दे. तो वेगळा विषय आहे.

मार्चमध्ये बाबल्याकाका आले. नाटे गावचे. लेखात मी त्यांना 'एक सहृदय आचारी' म्हटलं होतं, तेच. भाईबरोबर शेवटपर्यंत होते ते, जहाजावरचे स्वयंपाकी, कावीळ झाली म्हणून उतरवलं त्यांना, आणि मग भाई एकटा राहिला. आले, भाईजवळ तासभर बसले, एकटेच बोलले, मग बाहेर येऊन मला म्हणाले, काय रे अनश्या, तुझं ते लिवलेलं वाचलं मी. बरं आहे. पण आकडं कुठं गेले? मी म्हटलं, कसले आकडे, काका? तर म्हणाले, टेंपरेचरच्या रकान्यातले. मी म्हटलं, ते कसले टेंपरेचर, इंजिन तर बंद होतं, ते आपलं सवयीने काहीतरी लिहिलेलं. काका हसले. म्हणाले, बी. ए. झालास ना रे तू? बंद इंजिनाला कसला ताप येतोय!

मॅडम, तो बोलणं मोजत होता. दिवसभरात त्याच्याशी कोणी किती वाक्यं बोललं, ते. त्याचं स्वतःचं नाही — दुसऱ्याने त्याच्याशी बोललेलं. वायरलेसवरचं धरायचं नाही, हुकूम धरायचा नाही. ऊठ, रस्सी ओढ, हे बोलणं नाही म्हणे. काका सांगत होते, त्यांचं दोघांचं भांडण व्हायचं त्यावरून. ईदच्या दिवशी काकांनी रात्रीपर्यंत गाणी म्हटली आणि भाईने धरली नाहीत — 'गाणं तू माझ्याशी नाही बोललास, गाणं कोणीपण म्हणतो.' काका चिडले, म्हणाले, मेल्या, मग उद्या जेवायलाच नाही बोलावणार. हे धरलं! एक वाक्य म्हणून धरलं! काका मग मुद्दाम झोपायच्या आधी इंजिनरूमच्या दारात जाऊन दोन वाक्यं जास्त बोलायचे. मीठ कमी होतं का रे, उद्या डाळ करू का रे. डाळ नसायची. आकडा वाढावा म्हणून.

मी रात्री — नाही, लगेच, काका जायच्या आधीच, फोनमधले फोटो उघडले. टायपिंगसाठी काढले होते, नऊच तक्त्यांचे, बाकीच्यांचे न काढताच सगळे तक्ते तुमच्याकडे कुरिअर केले. बघा. हा रकाना. एकतीस. बावीस. चाळीस — ही ईद. एकोणीस. मग इथे शेरा, 'बाबल्या उतरला. डबे दोन.' आकडा नऊ. आणि त्याच्या खाली — बघा ना, फोन हातात घ्या — शून्य. शून्य. शून्य. 'अजान? वारा.' — शून्य. 'साबण संपला.' — शून्य. आता वाचा. आता कळतं 'कोणासाठी' म्हणजे काय? हे मी काढून टाकलं होतं. मला वाटलं, रुक्ष आहे, वाचकाला अडखळायला होईल.

आणि परवा, अडीच महिन्यांनी, भाई बोलला. अम्मी जेवण वाढत होती. तो म्हणाला, 'माझे कागद.' दोनच शब्द. अम्मीचा हात थांबला. मला वाटलं मला ऐकू आलंच नाही नीट. म्हटलं, काय भाई? तर परत नाही बोलला. म्हणून तुम्हाला फोन केला, म्हणून म्हटलं कुरिअर नको, हरवायला नको, तुम्ही स्वतः आणा. एवढंच करायचंय मला आता. ते एक्केचाळीस तक्ते त्याच्या हातात द्यायचे. माफीबिफी नंतर, त्याला ऐकायची असेल तर.

काय? कुठे? हो, तिथे एक आहे. शून्यांच्या शेवटी एक 'एक' आहे. कोणीतरी बोललं असेल. मच्छीमार वगैरे येतात होड्या घेऊन. — नाही, महत्त्वाचं नाही. — अहो मला काय माहीत! — मला माहीत आहे. असं बघू नका.

तो मी आहे. ते एक वाक्य माझं आहे.

एकटा पडल्यावर पाचव्या महिन्यात. तिकडची एक मासेमारीची होडी जहाजाजवळ आली. भाषा वेगळी, हातवारे करून याने फोन मागितला. त्या माणसाने दिला. भाईला एकच नंबर तोंडपाठ होता, माझा, कारण ते सिम त्यानेच घेऊन दिलं होतं मला अकरावीत. त्याने लावला. आणि मी — मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत स्टेजच्या पायरीवर होतो, माझं नाव पुकारलं होतं. परदेशी नंबर बघून उचलला. तो म्हणाला, अनस. मी म्हटलं — मी म्हटलं, 'भाई, माझं भाषण आहे, नंतर कर.' आणि ठेवला. नंतर कर! जसं काही तो एस. टी. स्टँडवरून करतोय. चाळीस मिनिटांनी मीच परत लावला, होडीवाल्याने उचलला, काहीतरी बोलला त्याच्या भाषेत, मला कळलं नाही, मग तो नंबर कधी लागला नाही. भाषणाचा विषय? विचारा ना. भाईच. दुसरा विषय होता कुठे माझ्याकडे. समुद्रावर विसरलेली माणसं. दुसरा नंबर आला.

त्या दिवसाचा शेरा बघायचाय? फोटोत आहे तो. इथे. 'अनस घाईत.'

'अनस घाईत.' आकडा एक. तक्रार नाही, शिवी नाही. त्याने नोंद केली फक्त. आणि या दोन शब्दांवरून मी काय लिहिलं ते तुम्हाला पाठ आहे — 'त्या दिवशी धाकट्याचा आवाज ऐकला. आम्ही किती वेळ बोलत होतो कोण जाणे. तो अंगणातल्या फणसाचं सांगत होता, अम्मीच्या गुडघ्यांचं सांगत होता, आणि माझ्या अंगात पुढचे चार महिने काढायचं बळ आलं.' हे लिहिलं मी. हे त्याला शाल देऊन, खुर्चीवर बसवून, त्याच्या तोंडावर वाचून दाखवलं, माईकवर. त्याला आधी अंकही दाखवला नव्हता. त्या ओळीनंतर टेंपरेचरच्या रकान्यात काहीच नाहीये, बघा. शून्यसुद्धा नाही. मोजायचंच सोडलं त्याने. चार महिने. घरी आल्यावर अम्मीपाशी बसून परत सुरू केलं होतं, आणि आम्ही म्हटलं तस्बीह.

काय म्हणालात? परत म्हणा. 'हेच खरं पुस्तक आहे.' बरोबर. तुमची वही कधी बाहेर आली मला दिसलं. नाही, ठेवू नका, लिहा, काय बिघडतंय? मी तुम्हाला काय बोलणार? बाबल्याकाका मला सांगत होते ना आकड्यांचं, त्यांचे डोळे भरलेले, आणि मी आत काय करत होतो सांगू? पहिलं वाक्य जुळवत होतो. 'माझ्या भावाने मला एक म्हणून मोजलं.' छान आहे ना? तुम्हालाही आवडलं असतं. तीस पानं लिहिली होती मी. मिरजोळ्याला पॅकिंगच्या कारखान्यात दिवसभर बिलं करतो आणि जेवणाच्या सुट्टीत हे. फाडली परवा. — हो, फाडली, खरंच फाडली, अशा नजरेने काय बघता. तुमच्या लक्षात येत नाहीये, त्याच्याकडून घेण्यासारखं आता काही उरलेलं नाही. एवढे कागद होते, तेही आपण घेतले. तो तिकडे दोन शब्द लिहितोय आणि आपण इकडे म्हणतोय, अजून थोडं लांबवता येईल का.

आण ते पाकीट — माफ करा. द्या ते पाकीट. वारा पडलाय आता.

हलकं कसं? एक्केचाळीस तक्ते आहेत ना सगळे? मोठाले आहेत ते, असे घडी करून — हे काय? पट्ट्या कसल्या? नाही, थांबा, काढू दे मला. हे — हे तर शेरेच आहेत सगळे. 'उंदीर आहे.' 'तांदळात किडे.' बाकीचा कागद कुठेय? डावीकडचा. मॅडम, डावीकडचा कागद. दुसरं पाकीट आहे का रिक्षात? — कोणी? डिझायनरने? स्कॅनरमध्ये मावत नव्हते म्हणजे? मावत नव्हते म्हणून कापले? त्याला काय वाटलं, झेरॉक्स आहेत? तेलाचे डाग दिसत नव्हते त्याला? — मग राहिलेलं कुठे आहे? — रद्दीत. जानेवारीत. — अहो कोणाला विचारून? एक फोन नाही करायचा? एक फोन —

कुठलं पत्र?

दाखवा.

'कृपया फक्त उजवीकडचा रकाना घ्यावा. डावीकडची आकडेमोड निरर्थक आहे, ती काढून टाकली तरी चालेल.' हो. माझंच अक्षर आहे. हो, वाचलं, सहीपण आहे खाली. कुरिअरवाला दारात थांबला होता, मी तसंच उभ्याने —

— काय अम्मी? — हो, त्याच आहेत, पुण्याच्या. — काय म्हणतेस? दारात? भाई स्वतः उठून आला? — नको, उतरू नको म्हणावं त्याला, मीच येतो. — हो अम्मी. हो, मिळाले. — सगळे गं. सांग त्याला, सगळे आहेत. होते तसेच आहेत. आलोच मी.

उठा मॅडम. रिक्षा थांबलीय तुमची. नाही, त्या बाजूने नको, दारातून दिसाल त्याला. इकडून जा.